आंब्याच्या ओंडक्याला विरजण: नाशिकच्या पावसाळ्यात बुरशीने रंगलेलं लाकूड कसं तयार करावं

नाशिक जिल्ह्यात बुरशी म्हटलं की भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे रोग आठवतात. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला बुरशी मारायची कशी हे ठाऊक असतं. ती जपायची कशी, हे कुणी शिकवत नाही. पिंपळगाव बसवंतजवळ सासरच्या मळ्यात मी पहिल्यांदा आंब्याचा ओला ओंडका पालापाचोळ्यात निम्मा पुरून ठेवला, तेव्हा सासरे म्हणाले, "सूनबाई, जळण कुजवायला ठेवलंय का?" त्यानंतरच्या वर्षी तसाच एक ओंडका दसऱ्याच्या सुमाराला चिरून आणला. पिवळसर पांढऱ्या लाकडात काळ्याभोर रेघा, शाईच्या बारीक निबाने ओढल्यासारख्या, आणि कडेने निळसर राखाडी सावली. सासऱ्यांनी फळी उलटीसुलटी करून पाहिली, नखाने रेघ खरवडून पाहिली आणि विचारलं, "हा रंग कुणी लावला?"

रंग बुरशीने लावला होता. तशी फळी तुम्हाला स्वतः तयार करता यावी, म्हणून हे लिहिते आहे. लागणारं सामान घरात किंवा मळ्यात असतंच. सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे: लाकूड कुजवण्याचं काम पावसाळा आपणहून करतो. आपली कारागिरी ते योग्य दिवशी थांबवण्यात आहे.

रंग येतो कुठून

तीन वेगवेगळ्या गोष्टी लाकडात घडतात आणि तिन्ही एकाच ओंडक्यात दिसू शकतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

पहिली, निळी-राखाडी झाक. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या पेशींत साखर आणि पिष्ट असतं. लॅसिओडिप्लोडियासारख्या बुरशा त्यावर जगतात. त्या लाकडाचा सांगाडा फारसा खात नाहीत, त्यामुळे लाकूड टणकच राहतं. गंमत अशी की या बुरशीचे धागे निळे नसतातच, ते गडद तपकिरी असतात. लाकडाच्या आत राहून त्यांच्यावर प्रकाश ज्या तऱ्हेने विखुरतो, त्यामुळे आपल्याला निळं दिसतं. उबदार दमट हवेत ही झाक आठवड्याभरात येते. वखारवाले हिला डाग म्हणतात आणि भाव पाडतात.

दुसरी, पांढरी कूज. ट्रॅमेटिस जातीच्या बुरशा तुम्ही नक्की पाहिल्या असतील: पडलेल्या ओंडक्यावर छोट्या पंख्यांसारख्या, एकावर एक, तपकिरी-करड्या पट्ट्यांच्या. त्या लाकडातलं लिग्निन खातात. लिग्निन म्हणजे पेशींना घट्ट धरून ठेवणारा, लाकडाला रंग देणारा घटक. तो गेला की लाकूड फिकट होतं, मऊ होतं आणि शेवटी हातात धागे-धागे येतात.

तिसरी, काळ्या रेघा, ज्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो. एका बुरशीची वसाहत दुसरीला भिडली की दोघी आपापली हद्द आखतात. मेलॅनिन नावाच्या काळ्या द्रव्याची भिंत उभी राहते. झायलेरिया नावाची बुरशी, जिची काळी, बोटांसारखी टोकं पावसाळ्यात कुजक्या बुंध्यातून वर आलेली दिसतात, ती तर शेजारीण नसतानाही स्वतःभोवती असं कुंपण घालून आतला ओलावा सांभाळते. लक्षात ठेवा, ती रेघ नाही, भिंत आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती लाकडात सगळीकडून वळत जाते आणि आपण कापतो तिथे तिची रेघ दिसते. म्हणून एकाच ओंडक्याची आडवी चकती आणि उभी फळी यांवरची नक्षी अगदी वेगळी निघते.

चौथा एक प्रकार आहे, पण तो टाकून द्यायचा. लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडल्या आणि बोटांत त्याची भुकटी होऊ लागली, तर ती तपकिरी कूज. ती सेल्युलोज खाते आणि मागे फक्त ठिसूळ लिग्निन ठेवते. त्यातून काहीही घडवता येत नाही.

जगात याहून भडक रंगही आहेत. क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी लाकूड मोरपंखी हिरवं करते. पंधराव्या-सोळाव्या शतकातले इटलीतले जडावकाम करणारे सुतार चित्रातल्या हिरव्या भागांसाठी हेच लाकूड वापरत, आणि तो हिरवा आजही टिकून आहे. पुढे इंग्लंडमध्ये टनब्रिजच्या लाकडी पेट्यांतही ते आलं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत या रंगद्रव्यावर, झायलिंडीनवर, अगदी इलेक्ट्रॉनिक्सच्या अंगाने अभ्यास झाला आहे. स्कायटॅलिडियम नावाची बुरशी लाकूड लाल-गुलाबी करते. मात्र मळ्यात ठेवलेल्या ओंडक्यात मला हे रंग कधी मिळालेले नाहीत. नव्या माणसाने काळी रेघ आणि निळी झाक यांवरच लक्ष द्यावं. तेवढ्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

कोणतं लाकूड घ्यावं

फिकट रंगाचं, मध्यम टणक, साल शाबूत असलेलं आणि ताजं. गडद लाकडात रेघ उठत नाही. टिकाऊ लाकडाच्या गाभ्यात बुरशीला विष वाटेल अशी द्रव्यं असतात, म्हणून सागाचा गाभा, बाभळीचा गाभा, शिसवी हे सगळं बाजूला ठेवा.

आपल्याकडे सुरुवात आंब्यापासून करावी. तो सहज मिळतो, पटकन रंगतो आणि चूक झाली तरी जीव हळहळत नाही. माझं सगळ्यात आवडतं लाकूड मात्र चिंचेचं. चिंचेचा काळपट गाभा लहान असतो आणि भोवतीचं फिकट लाकूड भरपूर. ते टणक असल्यामुळे रेघा उमटेपर्यंत मऊ पडत नाही. जगभरातले लेथवर काम करणारे कारागीर काळ्या रेघांची चिंच मुद्दाम मागवतात, आणि आपण ती वीटभट्टीला देतो. सिल्व्हर ओक आणि सुबाभूळही चालतात. गुलमोहर फार हलका, त्यात थांबवण्याचा दिवस हातातून निसटतो.

ओंडका सहा ते दहा इंच जाडीचा, दीड-दोन फूट लांबीचा असावा. झाड पडल्याला किंवा तोडल्याला दोन आठवड्यांहून जास्त झाले नसावेत. टोकांना भेगा पडलेलं, उन्हात वाळलेलं लाकूड नंतर भिजवून तसं काम देत नाही.

मिळवायचं कुठून? जूनच्या पहिल्या वादळात शहरात झाडं पडतात. रस्ता मोकळा करणाऱ्यांना तिथेच विचारून परवानगीने एखादा तुकडा मिळू शकतो. वखारीत आंब्याचा ओला ओंडका जळणाच्या भावात मिळतो. शहरात उभं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. १९७५ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आपल्या खासगी जागेतलं असलं तरी लागते. आणि त्र्यंबक, हरसूल, पेठ भागात फिरायला गेलात तर राखीव जंगलातला पडलेला ओंडकाही उचलू नका. तो वनखात्याचा आहे आणि तिथल्या मातीचाही.

एक धोक्याची सूचना. बिब्ब्याचं झाड ओळखता येत नसेल तर अनोळखी ओंडक्याला हात लावू नका. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो. आंबाही त्याच कुळातला आहे, काही जणांना त्याच्या चिकाने आणि भुश्यानेही खाज सुटते, पुरळ येतं. हातमोजे घाला.

मृगात सुरुवात, दसऱ्याला हिशेब

बुरशीला तीन गोष्टी हव्यात: ओलावा, हवा आणि ऊब. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की तिची वाढ थांबते. साधारण २० ते ३० अंश तापमान तिला मानवतं. नाशिकचा जून ते सप्टेंबर म्हणजे नेमकं हेच. थंडीत निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा ती जवळजवळ झोपते, आणि एप्रिल-मेमध्ये ओंडका तिच्याआधी वाळून तडकतो. म्हणून मृग नक्षत्राच्या आसपास ओंडका मांडावा आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान काम आटपावं.

मांडायचं असं. झाडाखाली किंवा भिंतीच्या उत्तर बाजूला, दिवसभर सावली राहील अशी जागा शोधा. वीतभर खोल खड्डा करा. तळाशी पालापाचोळा अंथरा, आंबा, वड, जांभूळ, जे असेल ते. ओंडका उभा ठेवा, म्हणजे कापलेलं तोंड मातीला टेकेल, कारण बुरशी आणि पाणी दोन्ही लाकडात नळ्यांच्या दिशेने झपाट्याने चढतात. खालचा तिसरा हिस्सा मातीत, वर पुन्हा पाला, त्यावर ओलं गोणपाट. गोणपाटावर पत्र्याचा एखादा तुकडा तिरका ठेवा, म्हणजे मुसळधार पाऊस थेट आत शिरणार नाही.

खड्ड्यात पाणी तुंबता कामा नये. पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही, कारण बुरशीला हवा मिळत नाही. काळ्या जमिनीत निचरा नसेल तर खड्डा न करता विटांचा थर देऊन त्यावर माती-पाल्याचा ढीग घाला.

आता विरजण. दुधाला विरजण लावतो तसंच हे काम आहे. आजूबाजूला आधीच रेघा पडलेला, पण अजून टणक असलेला एखादा लाकडाचा तुकडा शोधा. बागेतली जुनी फांदी, कुंपणाचा ओला खांब, जळणाच्या ढिगाचा तळ, कुठेही मिळतो. त्याच्या रुपयाएवढ्या चकत्या करून ओंडक्याच्या वरच्या कापलेल्या तोंडावर आणि सालीच्या फटींत बसवा. दोन वेगळ्या ठिकाणचं विरजण लावलं तर उत्तम: दोन वसाहती भिडल्या की हद्दीच्या रेघा जास्त पडतात. काहीच मिळालं नाही तरी चालतं, मातीतली आणि पाल्यातली बुरशी आपणहून येते. फक्त वेळ जास्त लागतो आणि काय निघेल याचा नेम नसतो.

माती कुठली घ्यायची, ही नाशिकमध्ये खरी अडचण आहे. द्राक्षबागेतली माती घेऊ नका. वर्षानुवर्षं फवारलेल्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि इतर बुरशीनाशकं तिच्यात असतात. ज्या वाफ्यात ट्रायकोडर्मा सोडलं आहे तिथलीही नको. ट्रायकोडर्मा इतर बुरशांवर जगतं, शेतात आपण त्याला त्याचसाठी पाळतो, आणि इथे आपल्याला हवी असलेली बुरशीच ते संपवतं. बांधावरची, जुन्या झाडाखालची, कधी फवारणी न लागलेली माती आणा.

आणि हे मळेवाल्यांनी कृपा करून मनावर घ्यावं: ओंडका द्राक्षबागेच्या आणि आंब्याच्या जिवंत झाडांच्या जवळ मांडू नका. निळी झाक आणणारी लॅसिओडिप्लोडिया हीच द्राक्षवेलीची आणि आंब्याची फांदीमरही घडवते. ती छाटणीच्या ताज्या जखमेतून आत शिरते, आणि आपल्या ओंडक्याला रंग भरत असतो तेव्हाच ऑक्टोबर छाटणी सुरू होते. माझा ओंडका मी आता घरामागे, बागेपासून शक्य तितका लांब ठेवते. सासऱ्यांची ती एकच अट होती आणि ती अगदी बरोबर होती.

जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. इगतपुरी-त्र्यंबकला पाणी घालण्याचा प्रश्नच नाही, तिथे आच्छादन आणि निचरा सांभाळा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. नाशिक शहरात त्याचा चौथा हिस्सा. सिन्नर, येवला, नांदगावकडे पावसाने आठ-दहा दिवसांची ओढ दिली की गोणपाट वाळतं. तिथे दर दोन दिवसांनी झारीने पाणी द्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हे जमतं. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक डब्यात पिळल्यावर पाणी न गळणारं ओलं कोकोपीट भरा, त्यात फूटभर लांबीचे जाड फांदीचे तुकडे विरजणासह पुरा, झाकण किंचित उघडं ठेवा आणि डबा बाल्कनीत सावलीला ठेवा. स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत कधीही नको. घरात कुणाला दमा असेल, किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर हा उद्योग घरात करूच नका.

पाहणी

पहिला महिना ओंडका उपटून पाहू नका. गोणपाट उचला, वास घ्या, पुन्हा झाका. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास असेल तर सगळं ठीक चाललं आहे. आंबट, कुबट, नाक मुरडायला लावणारा वास आला तर पाणी साचलं आहे आणि जिवाणूंनी ताबा घेतला आहे. ओंडका काढून दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, खड्ड्याचा निचरा सुधारा.

कापलेल्या तोंडावर पांढरे कापसासारखे धागे दिसले तर आनंद माना. गडद हिरवी भुकटी पसरली तर ते बहुधा ट्रायकोडर्मा किंवा साधा पृष्ठभागावरचा बुरा आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि विरजण नव्याने लावा. असा बुरा रंध्याच्या एका हाताने निघून जातो. लाकडात मुरलेला रंग रंध्याने जात नाही, फरक ओळखण्याची ही सोपी रीत आहे.

सालीवर पंख्याची भूछत्रं उगवली की समजा बुरशी आत चांगली स्थिरावली आहे. ही भूछत्रं किंवा आसपास उगवलेली कुठलीही अळंबी खायची नाही, लहान मुलांनाही तिथे खेळू देऊ नका. वाळवीकडे मात्र रोज लक्ष हवं. मातीच्या नळ्या सालीवर चढताना दिसल्या की लगेच खरवडून काढा आणि ओंडका विटांवर उचलून घ्या. वाळवी लागल्यावर रंगाची वाट पाहत बसू नका.

थांबवण्याचा दिवस

माझा पहिला ओंडका मी दिवाळी होईपर्यंत उघडलाच नाही. जास्त दिवस म्हणजे जास्त रेघा, असं वाटलं होतं. रेघा खरंच सुंदर पडल्या होत्या, पण रेघांच्या मधलं लाकूड बोटाने दाबलं की आत जात होतं. लेथवर चढवताच त्याचा लचका निघाला. चार महिने ज्याची वाट पाहिली ते घमेल्यात भरून खतात टाकलं. तेव्हापासून मी दिवसांवर विसंबत नाही, हाताने तपासते.

सहा आठवडे झाले की वरच्या टोकाची इंचभर जाडीची चकती करवतीने कापा. ती टाकायची नाही, तारीख लिहून ठेवायची. मग दर दोन-तीन आठवड्यांनी अशीच एक चकती. चौथ्या चकतीपर्यंत तुमच्या हातात त्या ओंडक्याची गोष्ट असते, आणि पुढच्या वर्षी ती कुठल्याही लेखापेक्षा जास्त उपयोगी पडते.

प्रत्येक चकतीवर या परीक्षा करा. अंगठ्याच्या नखाने फिकट भागावर दाबा. पुसट खूण उठली तर चालेल, नख रुतलं तर उशीर होत चालला आहे. पटाशीचं टोक तंतूखाली घालून अलगद उचला. चांगल्या लाकडाचा लांब, चिवट धलपा उठतो. कुजलेलं आवाज न करता आखूड तुटतं. मग हातोडीच्या दांड्याने ठोका. टणक लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. शेवटी हातात तोलून पाहा: त्याच आकाराच्या ताज्या तुकड्यापेक्षा फारच हलकं लागलं तर आतून पोकळ होत आहे.

रेघा दिसू लागल्या आहेत, फिकट पट्टे आले आहेत आणि नख अजून रुतत नाही, तो तुमचा दिवस. "अजून आठवडाभर ठेवलं तर" हा विचार त्याच दिवशी येतो. नव्या माणसाने त्याला बळी पडू नये. थोड्या कमी रेघांचं टणक लाकूड कामाला येतं, भरपूर रेघांचा चुरा येत नाही. आंब्याला माझ्या अनुभवात दहा ते चौदा आठवडे लागतात, चिंचेला त्याहून महिनाभर जास्त. पण ओंडका मोठा की लहान, पाऊस किती, विरजण कोणतं, यावर हे सगळं बदलतं. शंका असेल तर थांबवा.

चिरणं आणि वाळवणं

थांबवणं म्हणजे वाळवणं. दुसरा उपाय नाही. ओंडका तसाच ठेवला तर आत ओलावा महिनोन्‌महिने टिकतो आणि कूज चालूच राहते. त्याच आठवड्यात चिरून आणा.

सॉ मिलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्तरी म्हणाले, "ताई, हे सडलंय. चिराईचे पैसे वाया जातील." त्यांना दोष देता येत नाही, त्यांनी आयुष्यभर डागी लाकूड बाजूला काढलं आहे. मी पहिल्या चकतीवर पाणी लावून त्यांना रेघा दाखवल्या. आता तेच विचारतात की रेघ आडवी हवी की उभी. चिरण्याआधी साल काढा, माती ब्रशने साफ करा, खडे राहिले तर पात्याची धार जाते. वाटी-वाडगा करायचा असेल तर तीन इंच जाडी ठेवा, पेटीचं झाकण किंवा फोटोफ्रेम करायची असेल तर इंचभर पुरे.

फळ्यांच्या टोकांना वितळलेलं मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाच्या कोरड्या पट्ट्या ठेवून चळत रचा. द्राक्षाचे रिकामे कॅरेट उलटे घालून त्यावर चळत रचली तर खालूनही हवा मिळते. पहिले दोन आठवडे पंखा लावून ठेवा, कारण ओल्या फळ्या एकमेकींना चिकटून राहिल्या तर आताच नको तो बुरा चढतो. ऑक्टोबरच्या उन्हाचा मोह होतो, पण थेट उन्हात फळी वाकते.

वाळलं हे कसं कळणार? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. फळीवर दर रविवारी वजन लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही की ती घरातल्या हवेशी जुळली. इंचभर जाडीची फळी मार्च-एप्रिलपर्यंत तयार होते, तीन इंची ठोकळ्याला त्याहून बराच काळ लागतो. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला की काम सुरू करा. वाळवल्याने बुरशी मरतेच असं नाही, काही भाग निद्रिस्त राहतो. ओल लागली की ती पुन्हा जागी होऊ शकते, म्हणून तयार वस्तू ओलसर भिंतीला टेकवून ठेवायची नाही.

आंब्याला आणि चिंचेला भुंगा लागतो, लाकडातल्या पिष्टासाठी. फळीखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला की समजायचं. त्यावर उपाय आधीच करावा: एक भाग बोरिक ॲसिड आणि दीड भाग टाकणखार गरम पाण्यात विरघळवून साधारण ५ टक्क्यांचं द्रावण करा, चिरल्याबरोबर ओल्या फळीला सगळीकडून दोनदा लावा. हे द्रावण बुरशीलाही आवर घालतं, त्यामुळे रंग पूर्ण झाल्यावरच लावायचं. जेवणाच्या वस्तूंसाठी ठेवलेल्या फळीला ते लावू नका आणि डब्यावर नाव लिहून मुलांपासून दूर ठेवा.

घडवताना

मास्क हवाच. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ घ्या. कुजक्या लाकडाच्या भुश्यात लाकडाची धूळ आणि बुरशीचे बीजाणू दोन्ही असतात. घासकाम बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

हत्यारांना धार नेहमीपेक्षा जास्त हवी. फळीत टणक आणि मऊ पट्टे शेजारी-शेजारी असतात. बोथट रंधा मऊ भागाचे धागे उपटतो. पॉलिश पेपर नुसता हाताने फिरवला तर मऊ भाग खोल झिजतो आणि टणक रेघा उंच राहतात, म्हणून पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळूनच फिरवा. एखाद्या ठिकाणी लाकूड फारच भुसभुशीत निघालं तर तिथे पातळ सुपरग्लू मुरवा, पूर्ण वाळू द्या आणि मग घासा. त्याची वाफ डोळ्यांत जाते, वाकून बघू नका.

पॉलिशने रंग बदलतो हे आधी एका तुकड्यावर पाहून घ्या. जवसाचं तेल काळी रेघ खुलवतं, पण फिकट भाग पिवळा करतं आणि निळी झाक जवळजवळ गिळून टाकतं. निळं जपायचं असेल तर पाण्यात मिसळणारं पारदर्शक वॉर्निश वापरा. फिकट लाख पॉलिश दोन्हींच्या मधलं आहे, मला चिंचेवर तेच आवडतं. मेलॅनिनची रेघ पिढ्यान्‌पिढ्या राहते. बाकी छटा उन्हाने विटतात, वस्तू खिडकीत ठेवू नका.

या लाकडाचं काय करावं? पेटीचं झाकण, घड्याळाची तबकडी, दिवाणखान्यातला वाडगा, देवघराच्या दाराची लहान चौकट. भार पेलायचं काम त्याच्याकडे द्यायचं नाही. पांढरी कूज अगदी थोडी लागली, वजनात फरकही जाणवला नाही, तरी लाकडाची झटका सोसण्याची ताकद आधीच घटलेली असते. म्हणून स्टुलाचा पाय, शिडीची पायरी, कुऱ्हाडीचा दांडा यांतलं काहीही नको. आणि गरम आमटी, ओलं लोणचं, रोजचं धुणं यांपासूनही ते दूर ठेवा.

काम संपल्यावर उरलेल्या टोकांपैकी एक, सगळ्यात चांगल्या रेघांचं, टाकणखार न लावलेलं, मी वेगळं काढते. त्यावर झाडाचं नाव, मांडल्याची आणि चिरल्याची तारीख पेन्सिलने लिहिते आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवते. मृग लागला की ते एक रात्र पाण्यात भिजवायचं आणि चकत्या करून नव्या ओंडक्याला लावायच्या.